सात महिन्यांनी परतलेला घोडा

पत्र: मी एका रेस क्लबमध्ये दीड वर्षापासून पशुवैद्यकीय अधिकारी आहे. आमच्याकडे नियम आहे की १८० दिवसांहून अधिक काळ न धावलेल्या घोड्याने एन्ट्रीआधी, म्हणजे शर्यतीसाठी नाव नोंदवण्याआधी, स्टुअर्डांसमोर (शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर) एक चाचणी शर्यत पूर्ण करायची आणि माझा तंदुरुस्तीचा दाखला घ्यायचा. ज्यांच्या तबेल्यात मी घोड्याच्या पायाला हात लावायला शिकले, त्या ट्रेनर सरांचा सहा वर्षांचा घोडा सात महिन्यांनी परततो आहे. पुढच्या उजव्या पायाला सूज आली म्हणून तो फार्मवर गेला होता. चाचणीत जॉकीने लगाम आवळून धरला होता आणि घोडा सगळ्यांच्या मागून आरामात आला. मी दाखला थांबवला. सर म्हणतात, ‘नियमात पूर्ण करायची एवढंच आहे, त्याने पूर्ण केली. बाकीचं काम खासगी ट्रॅकवर झालंय.’ मालकांचे फोन सुरू आहेत. वरिष्ठ म्हणाले, ‘या वेळी समजून घ्या.’ एन्ट्री बंद व्हायला नऊ दिवस आहेत. घोडा लंगडत नाही, दिसायला तर देखणा आहे. नियमात नाही ते मी मागते आहे का? आणि सरांना सांगू तरी कसं?

उत्तर:

दाखला देऊ नका. आणखी एक सांगतो, ते कदाचित तुम्हाला अपेक्षित नसेल. या नऊ दिवसांत त्या घोड्याची दुसरी चाचणीही ठेवू नका. मधला मार्ग म्हणून ती कल्पना कुणीतरी काढेल, कदाचित तुमच्याही मनात आली असेल. ‘परवा पुन्हा पळवा, या वेळी मोकळा सोडा, मग सही करते.’ यात सगळ्यांची सोय होते आणि घोडा मात्र सर्वांत मोठ्या धोक्यात जातो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, तुमच्याच खुर्चीत असताना, मी हाच मधला मार्ग काढला होता. पाच महिन्यांनी परतलेला एक गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा) पहिल्या चाचणीत मागे राहिला. ट्रेनर भला माणूस होता, मालक घाईत होता. मी पाच दिवसांनी दुसरी चाचणी लावून दिली. शेवटच्या वळणानंतर, सरळ रेषेत, कुणीही धक्का दिलेला नसताना तो खाली गेला. दंडाचं हाड, म्हणजे खांद्याच्या सांध्याखालचं मोठं हाड, आरपार मोडलं होतं. शवविच्छेदनात त्याच हाडावर जुनी, भरत आलेली तड दिसली. भोवती नवं हाड साचलेलं होतं. म्हणजे तो आमच्यासमोर आला तेव्हाच दुखत होता आणि पहिल्या चाचणीत मागे राहिला तो त्यामुळेच. मी त्याला आळशी ठरवलं होतं. त्याच्या मोतद्दाराचा चेहरा मला अजून आठवतो.

आता तुमच्या घोड्याच्या देखणेपणाबद्दल. लांब विश्रांतीवरून आलेला घोडा देखणा दिसतोच. अंग भरलेलं, कातडी तुकतुकीत, कान ताठ, पाय जमिनीवर ठरत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांच्या विश्रांतीत फारशी मागे जात नाहीत आणि काम सुरू झालं की लवकर परततात. स्नायूही महिन्या-दोन महिन्यांत बरेचसे येतात. हाडाचा हिशेब वेगळा आहे. जोरदार कामाने हाडात सूक्ष्म तडे पडतात. शरीर त्यांची दुरुस्ती करतं ती आधी पोखरून: एक प्रकारच्या पेशी खराब झालेलं हाड खाऊन टाकतात, मग दुसऱ्या पेशी त्या जागी नवं हाड भरतात. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने जातात. शिवाय घोडा कामात असेपर्यंत जास्त भार येणाऱ्या जागी ही दुरुस्ती मंद असते आणि विश्रांती मिळाली की ती जोरात सुरू होते; मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या, हाडाच्या खालच्या टोकाशी हे दाखवून दिलं आहे. विश्रांती चांगलीच, ती द्यायलाच हवी. पण त्यामुळे असा एक काळ येतो की घोडा ताजातवाना, दम परत आलेला, आणि आतलं हाड अजून सच्छिद्र. पूर्ण वेगात धावताना एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. ४८० किलोच्या घोड्याला तो १२०० किलोंच्या घरात जातो, तोही दर झेपेला. तो दम आणि तो उत्साहच त्याला अर्धवट भरलेल्या हाडावर पळवतो.

कॅलिफोर्नियात रेसकोर्सवर मेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन १९९० पासून नियमाने होतं. त्यातूनच स्यू स्टोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास निघाला. दोन महिने किंवा अधिक काळ वेगाच्या कामापासून दूर राहून परतलेल्या घोड्यांत दंडाचं हाड मोडण्याचा धोका ठळकपणे वाढलेला आढळला. त्यांनी तपासलेला काळ पाहा: काम पुन्हा सुरू झाल्यापासूनचे पहिले १० आणि २१ दिवस. तुमचा नियम १८० दिवसांवर सुरू होतो आणि त्या अभ्यासातला धोका साठ दिवसांच्या आसपासच दिसू लागतो. म्हणून तुम्ही जास्तीचं मागता आहात असं मला वाटत नाही. माझ्या मते तुमचा नियमच थोडा उशिरा जागा होतो.

सरांचा मुद्दा मात्र बाजूला सारू नका. नियमात ‘पूर्ण करायची’ एवढंच लिहिलं असेल तर ते अक्षराने बरोबर आहेत. पण दाखला ही वेगळी अट आहे आणि तो तुमचा आहे. चाचणी स्टुअर्डांची, दाखला वैद्याचा. घोडा रेषा ओलांडून गेला म्हणून वैद्याने सही केलीच पाहिजे असं असतं, तर दोन अटी ठेवल्याच नसत्या. तेव्हा वाद चाचणीवर घालू नका, दाखल्यासाठी तुम्हाला काय पाहायचं आहे त्यावर बोला.

सगळ्यात आधी हे विचारा की तो फार्मवर नेमका कशासाठी गेला होता. ‘पुढच्या उजव्या पायाला सूज’ हे निदान झालं नाही. ती सूज नळीच्या मागच्या टेंडनची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची, होती का? मग अल्ट्रासाउंडची चित्रं असतील, आधीची आणि आताची. या टेंडनला नीट जुळून यायला नऊ महिने ते वर्ष सहज लागतं. सात महिन्यांनी त्यावर शर्यत म्हणजे दुखापत पुन्हा बोलावणं. फेटलॉकची, म्हणजे नळीखालच्या सांध्याची, होती का? मग एक्स-रे कुठे आहेत, सांध्यात इंजेक्शन कधी दिलं? की कारण कुणालाच सापडलं नाही आणि विश्रांतीने सूज उतरली म्हणून सगळे गप्प बसले? शेवटची शक्यता मला सर्वांत जास्त सतावते. दंडाच्या हाडातली तड एक्स-रेवर बऱ्याचदा दिसत नाही, बोन स्कॅन लागतो, आणि घोडा एक-दोन दिवस लंगडून पुन्हा सरळ चालू लागतो. या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळेपर्यंत पुढचं सगळं बोलणं व्यर्थ आहे.

मग कामाची वही. खासगी ट्रॅकवर काम झालंय ना, मग त्याची नोंद असेलच: तारीख, अंतर, वेळ, कोण वर बसलं होतं, जमीन कशी होती. तुम्हाला त्या वहीत एकच मोठा आकडा शोधायचा नाही. चढण शोधायची आहे. चालणं, दुडकी, कँटर (संथ धाव), मग छोट्या अंतराचा वेग, मग त्यात हळूहळू भर, मध्ये मोकळे दिवस. जुने ट्रेनर पडून राहिलेल्या घोड्याला शर्यतीपर्यंत आणायला साधारण नव्वद दिवस धरत आले आहेत, आणि हाडाबद्दल आज जे कळलंय ते त्यांच्या अनुभवाला धरूनच आहे. वहीत नऊ आठवडे नुसतं चालणं आणि पोहणं असेल आणि शेवटच्या दहा दिवसांत तीन गॅलप, म्हणजे भरधाव दौडी, तर ती वही सरांच्या विरुद्ध साक्ष देते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेव्हिड नुनामेकर यांनी तरुण घोड्यांच्या नळीवर आयुष्यभर काम करून एक गोष्ट पक्की केली: हाड ज्या वेगाची सवय करून घेतं त्याच वेगासाठी तयार होतं. मैलोन्‌मैल संथ कँटर केल्याने ते वेगासाठी घट्ट होत नाही. त्याला थोडा थोडा वेग, वारंवार, बेताने द्यावा लागतो. पोहण्याने दम राहतो आणि दुखऱ्या पायाला आराम मिळतो, पण पाण्यात हाडावर भारच येत नाही.

वही नसेल तर? तर काम झालंच नाही असं धरा. हे कठोर वाटेल. पण ज्याने खरंच बारा आठवडे मेहनत केली त्याला एक ओळ लिहायला जड जात नाही. अमेरिकेत ठरावीक वेगाची कामं अधिकृत टाइमकीपर मोजतात आणि ती जाहीर होतात. हाँगकाँगमध्ये तर प्रत्येक घोड्याचं सकाळचं काम, चाचण्या आणि पशुवैद्यकीय नोंदीसुद्धा क्लबच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. तिथे ट्रेनरने ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणायचा प्रसंगच फारसा येत नाही, आणि त्यामुळे कुणाचा अपमानही होत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारतो. चाचणीनंतर रक्ताचा नमुना घेतला होता का? अमेरिकेत २०२२ च्या जुलैपासून लागू झालेल्या देशव्यापी सुरक्षा नियमांत ३६५ दिवसांहून जास्त काळ न धावलेला घोडा आपोआप वैद्यांच्या यादीवर, म्हणजे तूर्त धावू न देण्याच्या घोड्यांच्या यादीवर, जातो. त्यावरून नाव निघायला तबेल्याच्या वैद्याची तपासणी लागते, नियामक वैद्याच्या डोळ्यांदेखत वेगाचं काम लागतं, आणि त्याच वेळी रक्तही तपासलं जातं. रक्त का, हे तुम्हाला समजावायला नको. फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकावर घोडा सुरेख चालतो. सांध्यात स्टेरॉइड असेल तर आणखी सुरेख. तिथल्या नियमांनी सांध्यातल्या इंजेक्शननंतर शर्यतीला १४ दिवस आणि वेगाच्या कामाला ७ दिवस बंदी घातली आहे, ती याच कारणाने. औषधाखाली दिलेली चाचणी त्या पायाबद्दल काहीच सांगत नाही. रक्त घेणं म्हणजे सरांवर संशय घेणं असं त्यांना वाटेल. त्यावर उपाय एकच, प्रत्येक परतणाऱ्या घोड्याचं घ्या, कुणालाही न वगळता, आजपासून.

आता नियम अमलात आणण्याबद्दल, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. एका घोड्यापुरती नाही, ती दर मोसमात येणार. माझा अनुभव असा की हा नियम शर्यतीच्या सकाळी लागू करताच येत नाही. तोवर कार्ड छापलेलं असतं, लोकांनी पैसे लावलेले असतात, मालक पाहुण्यांना घेऊन आलेला असतो, जॉकीने दुसरी राइड सोडलेली असते. अशा वेळी एकटा वैद्य तबेल्यात उभा राहून ‘हा घोडा आज नको’ म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर शंभर माणसं असतात. स्पष्ट लंगडणारा घोडा तो काढेल. पण जो नीट चालतोय आणि तरी मनाला पटत नाही, तो काढायचं बळ त्या सकाळी फार थोड्यांत असतं. माझ्यात नव्हतं. म्हणून दार एन्ट्रीच्या आधी बंद झालं पाहिजे, आणि ते माणसाने नव्हे, नोंदवहीने बंद करावं. १८० दिवस भरले की घोड्याचं नाव आपोआप यादीवर जावं, आणि तुमचा दाखला नोंदला जाईपर्यंत कारकुनाला त्याची एन्ट्री घेताच येऊ नये. मग फोन करून उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि फोन कमी होतात.

मेलबर्न कप या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शर्यतीचं उदाहरण पाहा. २०२० मध्ये त्या शर्यतीत अँथनी व्हॅन डाइक हा डर्बी जिंकलेला घोडा फेटलॉक मोडून गेला. त्यानंतर तिथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या रेसिंग अधिकाऱ्यांनी परदेशातून येणाऱ्या घोड्यांसाठी नियम कडक केले. पायांचं सीटी स्कॅन किंवा एमआरआय घोडा विमानात चढण्यापूर्वीच सक्तीचं केलं. ओरड झाली, काही मोठ्या तबेल्यांनी नाराजी दाखवली. पण तपासणी अशा टप्प्यावर ठेवली की ‘नाही’ म्हणण्याची किंमत सर्वांत कमी होती. तुमच्या क्लबला सीटी मशीन परवडणार नाही कदाचित, पण टप्पा निवडायला काही खर्च येत नाही.

सोबत चाचणीच्या नियमाची भाषाही बदलून घ्या. ‘पूर्ण करणे’ या शब्दांत पळवाट आहे आणि दुसऱ्या बाजूने धोकाही आहे. नुसतं पूर्ण करायचं तर जॉकी धरून आणतो, कुणाला काही कळत नाही. आणि अमुक वेळेत पूर्ण करायचं असं लिहिलंत, तर ट्रेनर त्या एका वेळेसाठी घोड्याला आठवडाभरात पिळून काढतो. वर सांगितलेला धोका आपणच तयार करतो. मला विचाराल तर चाचणीआधी ठरावीक अंतराने झालेली, मोजलेली, नोंदलेली चढती कामं हीच मुख्य अट असावी आणि चाचणी हा तिचा शेवट असावा. चाचणीत घोडा किती वेगात आला यापेक्षा जॉकीने हात सैल केल्यावर तो सरळ रेषेत राहिला का, धावताना पुढे टाकायचा पाय बदलताना अडखळला का, हे स्टुअर्डांनी लिहून ठेवावं. आणि चाचण्यांचे दिवस वाढवा. महिन्याला एकच चाचणी असेल तर तो दिवस चुकू नये म्हणून लहान ट्रेनर अर्धा तयार घोडा उतरवतो. दोष त्याचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

१८० हा आकडाही फक्त शर्यतीपासून मोजू नका. सात महिने न धावलेला पण रोज नियमित गॅलप करणारा घोडा, आणि चार महिन्यांपूर्वी धावलेला पण त्यातले तीन महिने ठाणावर बांधलेला घोडा, यांतला दुसरा मला जास्त भीतिदायक वाटतो, आणि तुमचा नियम त्याला बघतच नाही. शेवटच्या वेगाच्या कामापासून दिवस मोजायला लागा.

आता सर. त्यांना फोनवर सांगू नका, निरोप पाठवू नका. उद्या सकाळी काम संपल्यावर त्यांच्या तबेल्यात जा. पहिलं वाक्य निर्णयाचं असू द्या, कारण ज्यांना आपण मानतो त्यांच्यासमोर आपण प्रस्तावना लांबवतो आणि त्या लांबणीत निर्णय विरघळून जातो. ‘सर, या एन्ट्रीसाठी मी दाखला देणार नाही. पुढच्या महिन्यातल्या शर्यतीसाठी काय काय लागेल ते लिहून आणलंय.’ आणि खरंच लिहून न्या: निदानाचे कागद, कामाची वही, तुम्ही स्वतः येऊन बघाल अशा दोन गॅलपच्या तारखा, मग चाचणी, रक्त. नुसतं ‘नाही’ घेऊन गेलात तर त्यांना तुम्हाला पटवण्याचं काम उरतं. तारखा घेऊन गेलात तर घोड्याला तयार करण्याचं काम उरतं, आणि ते त्यांना तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं. ते रागावतील. रागावू द्या. हात ठेवून नळीतली उष्णता ओळखायला त्यांनीच तुम्हाला शिकवलं. एरवी दुसऱ्या कुणाच्या घोड्याबाबत त्यांनी तुम्हाला काय सल्ला दिला असता, हे त्यांनाही ठाऊक आहे.

वरिष्ठांना मात्र आदराने एवढंच विचारा की ‘समजून घ्या’ म्हणजे कोणत्या अटीतून सूट, कोणत्या कारणाने, हे ते लेखी देतील का. सूट दिल्याची एक वेगळी नोंदवही ठेवा आणि तिच्यात सूट मागणाऱ्याचं, देणाऱ्याचं नाव आणि नंतर घोड्याचं काय झालं ते लिहा. वरिष्ठ सही करून सूट देऊ म्हणाले, तरी तुमचा दाखला त्यात नसू द्या. तुमचं मत वेगळ्या कागदावर, तारखेसह.

आणि तो दिवस आला, घोडा चढत गेला, चाचणी मनासारखी झाली, तरी सही त्या संध्याकाळी करू नका. अंग तापलेलं असताना घोडा बरंच लपवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, त्याला ठाणाबाहेर काढायच्या वेळी तिथे हजर राहा. मोतद्दाराला मोकळी दोरी द्यायला सांगा आणि पहिली वीस पावलं बघा, कडक जमिनीवर, आधी समोरून, मग मागून, मग दोन्ही बाजूंना लहान वर्तुळात दुडकीने. खांदा दोन्ही अंगठ्यांनी खोल दाबून बघा, पुढचा पाय पुढे आणि मागे ताणून बघा. मग मोतद्दाराला बाजूला घेऊन विचारा, रात्री तो आडवा झाला होता का, उठताना कोणता पाय आधी टेकला, दाणा उरला का. त्याला हे सगळं माहीत असतं आणि त्याला कुणीच विचारत नाही. मीही त्या वेळी विचारलं नव्हतं.